एका दगडात दोन पक्षी

एका दगडात दोन पक्षी मारता येतात, ही म्हण ज्या कुणी रूढ केली त्या गृहस्थानं आयुष्यात एकदाही पक्ष्यावर दगड मारून पाहिलेला नसावा. दगड भिरकावला की दोन काय, झाडावरचे दोनशे पक्षी उडून जातात आणि आपल्यापाशी उरतो तो फक्त दुखरा खांदा. पण आपल्या मध्यमवर्गीय माणसाची या म्हणीवर श्रद्धा अशी अढळ, की विचारू नका. पंढरपूरला चाललोच आहोत तर अक्कलकोटही उरकून येऊ. नाशिकला मुंज आहेच तर धाकटीसाठी सांगून आलेलं स्थळही बघून घेऊ. दातांच्या डॉक्टरकडे जायचंच आहे तर शेजारी सतरंज्यांचा सेल लागलाय, तिथंही डोकावू. याबद्दल माझी काही तक्रार नाही. अक्कलकोट, स्थळ आणि सतरंज्या या तिन्ही गोष्टी आपण जाऊ तेव्हा जागेवर असतात. (स्थळाबद्दल पैज नको, पण बहुतेक वेळा असतं.)

माझी तक्रार आहे ती ही म्हण बरोबर घेऊन लोक हल्ली जंगलात शिरू लागले आहेत त्याबद्दल.

आमच्या सोसायटीच्या सूचनाफलकावर पावसाळा सरला की एक रंगीत पत्रक झळकतं. ‘दांडेली! एकाच दिवसात थरार आणि वन्यजीवन!’ खाली वेळापत्रक. साडेसातला नाश्ता, अमर्याद. नऊला राफ्टिंग. एकला जेवण, अमर्याद. तीनला झिपलाइन, म्हणजे ज्यात माणसाला वाळत घातलेल्या सदऱ्यासारखं तारेवरून सोडून देतात तो प्रकार. साडेचारला वन्यप्राणी. साडेसहाला पक्षी. आठला शेकोटी, संगीत आणि पुन्हा अमर्याद जेवण. तळाशी ‘वाघ, बिबट्या, धनेश, मगर’ अशी नावं. खाणावळीच्या फळ्यावर उसळ, आमटी, कोशिंबीर आणि ताक लिहितात त्याच थाटात. आता साडेसहाला पक्षी झोपायला निघालेले असतात, हे पत्रक छापणाऱ्याला कुणी सांगायचं? आपण झोपायच्या तयारीत असताना कुणी पाहुणे दर्शनाला आले तर आपण काय म्हणतो ते आठवा.

ज्यांना दांडेली ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बेळगाव मागं टाकून रामनगरवरून पुढं गेलं की उत्तर कन्नड जिल्ह्याचं दाट जंगल लागतं. त्यातून काळी नदी वाहते. सह्याद्रीत डिग्गी गावाजवळ उगम, कारवारला समुद्र, मध्ये सुमारे १८४ किलोमीटरचा प्रवास. दांडेलीचं अभयारण्य १९५६ सालचं. शेजारच्या अणशीच्या राष्ट्रीय उद्यानासह २००७ साली तिथं व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला नदीचंच नाव मिळालं. आता तो ‘काळी व्याघ्र प्रकल्प’. वाटेत कोकणी आणि मराठी सर्रास कानावर पडते, त्यामुळे आपल्या माणसाला परमुलखात आल्यासारखं वाटत नाही. दुर्दैवानं तो लगेच घरच्यासारखा ओरडायला लागतो.

राफ्टिंग चालतं ते गणेशगुडीपासून खाली. खळाळत्या नद्यांची जगभर सहा श्रेणींत प्रतवारी करतात. पहिलीत आंघोळ करावी, सहावीत मृत्युपत्र करावं. काळी नदीचा हा टप्पा साधारण दुसरी-तिसरीतला, म्हणजे आपल्या शाळेच्या हिशेबानं बेरीज-वजाबाकीचा. पण हातचा विसरलात तर तोंडावर आपटायला तेवढंही पुरतं. आणि गंमत अशी, की हा खळाळ नदीनं आपल्या मर्जीनं आणलेला नसतो. गणेशगुडीला सुपा धरण आहे. उंची १०१ मीटर, पुरं झालं १९८७ साली. पायथ्याच्या वीजघरात जनित्रं फिरली की पाणी सुटतं, पाणी सुटलं की नदीला जोर चढतो आणि जोर चढला की होड्या निघतात. म्हणजे आपल्या अंगावर काटा आणणारी ती लाट खरं तर हुबळी-धारवाडकडच्या एखाद्या वहिनींचा मिक्सर चालावा म्हणून सोडलेली असते. वाटेत आपण हेल्मेट घालून, माणशी रोख पैसे मोजून तिला आडवे जातो, इतकंच.

यात कमीपणा काही नाही. पण सगळ्या भांडणाचं मूळ इथंच आहे, म्हणून सांगितलं. पाणी वेळेवर सोडता येतं. धनेश सोडता येत नाही. ‘साडेसहाला दोन धनेश सोडा, मागोमाग एक बिबट्या’ असा हुकूम कुठल्याही खात्याच्या कार्यकारी अभियंत्याला देता येत नाही. पत्रक छापणारा मात्र दोन्ही एकाच तिकिटावर विकतो आणि आपण दोन्ही एकाच तिकिटावर मागतो. पहिलं मिळतं. दुसरं मिळत नाही. मग आपण चिडतो, आणि चिडलेला पर्यटक हा जंगलातला सगळ्यात त्रासदायक प्राणी आहे. तो मात्र हमखास दिसतो.

आमच्या रबरी होडीत आम्ही आठ जण होतो. मी, आमची ही, लग्नाचा चुडा अजून न उतरलेलं एक जोडपं, कॉलेजातली तीन मुलं आणि बांधकामाच्या धंद्यातले एक सद्गृहस्थ. होडीच्या शेपटाशी वल्हं घेऊन बसलेला जोयड्याकडचा एक तरुण, तो आमचा सुकाणू. ‘फॉरवर्ड’ म्हणाला की पुढं वल्हवायचं, ‘बॅक’ म्हणाला की मागं आणि ‘डाऊन’ म्हणाला की मान, अभिमान सगळं आत घेऊन होडीच्या तळाशी बसायचं. पहिल्या खळाळात मी ‘आई गं!’ म्हणून ओरडलो. वयाला शोभलं नाही, असं हिचं मत पडलं. मला ते मान्य नाही. पाणी कानाशी गर्जत असताना माणसानं ओरडावं. ते आरोग्याला चांगलं असतं आणि तसंही कुणाला ऐकू जात नाही.

पण खळाळ संपला की नदी एकदम गप्प होते. लांबलचक डोह लागतो. दोन्ही काठांची झाडं पाण्यावर वाकलेली, पाणी इतकं स्थिर की झाड कुठं संपतं आणि पडछाया कुठं सुरू होते ते कळू नये. सुकाणूवाल्या तरुणानं वल्हं मांडीवर आडवं ठेवलं आणि नुसत्या हनुवटीनं खूण केली. एका वाळक्या फांदीवर पाणकावळा पंख पसरून बसला होता, गॅलरीत छत्री वाळत घालावी तसा. त्याच्या जरा खाली खंड्या. आणि वर, उंबराच्या शेंड्याशी, काहीतरी मोठं, काळं-पांढरं हललं.

नेमक्या त्याच क्षणी सद्गृहस्थांनी आरोळी दिली, “गणपती बाप्पाऽऽ!” तिन्ही मुलांनी “मोरयाऽऽ!” केलं. मागच्या होडीनं ‘हर हर महादेव’नं उत्तर दिलं आणि दोन्ही होड्यांचं एकमेकांवर पाणी उडवण्याचं युद्ध जुंपलं. मागच्या होडीत गाणी वाजवणारं एक डबडं होतं. पाण्यात पडलं तरी ते वाजायचं थांबत नाही, असं त्याचे मालक अभिमानानं सांगत होते. पाणी ओसरल्यावर मी वर पाहिलं. फांदी रिकामी. उंबर रिकामा. सद्गृहस्थांनी चष्मा पुसला, चौफेर नजर टाकली आणि सुकाणूवाल्याला विचारलं,

“काय रे, इथं काहीच कसं दिसत नाही? वाघ किती वाजता?”

“साहेब, त्याचं काय सांगता येत नाही.”

“मग पत्रकात कसा छापलाय?”

याला त्या पोराकडे उत्तर नव्हतं. पत्रक त्यानं छापलं नव्हतं. तो खाली मान घालून वल्हवत राहिला.

संध्याकाळी जीपमधून फिरताना एक गवा दिसला. हजार किलोच्या घरात जाणारं ते जनावर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखं, रस्त्याच्या कडेला निवांत उभं होतं. मी श्वास रोखला. सद्गृहस्थ म्हणाले, “ही तर म्हैस!” पुढं एका झाडावर शेकरू दिसलं. “खार!” रात्री अमर्याद जेवणाच्या रांगेत त्यांचा अंतिम निकाल ऐकू आला, “पाण्यात मजा आली, पण जंगलात काही दिसलं नाही. फुकट गेले पैसे.”

‘काही दिसलं नाही.’ या तीन शब्दांशी माझं भांडण आहे. आता सद्गृहस्थांना एकट्याला काय बोल लावायचा? हे तीन शब्द आपण सगळेच म्हणतो. ताडोबाहून परतलेला आपला मेहुणा म्हणतो, नागझिऱ्याहून आलेला साडू म्हणतो. आपण असे म्हणत राहतो म्हणून पुढची दुकानदारी चालते. गिऱ्हाईक हमी मागतं, मग विकणारा हमी देऊ बघतो. त्यासाठी कुठं फळं टाकून पाखरं जवळ बोलावतात, कुठं पक्ष्याची ध्वनिमुद्रित शीळ वाजवून त्याला फसवून बाहेर काढतात, आणि कुणाला शेपटाचं टोक जरी दिसलं तरी दहा जीपा तिथं आडव्या घालतात. जनावर रस्ता ओलांडायला बघतं आणि त्याला दादरच्या स्टेशनबाहेर आल्यासारखं वाटतं.

आता त्या उंबरावर हललेल्या काळ्या-पांढऱ्या गोष्टीकडे वळू. तो धनेश होता. या भागात धनेशाच्या चार जाती आहेत: महाधनेश, मलबारी कवड्या धनेश, मलबारी राखी धनेश आणि साधा राखी धनेश. चार जाती एकाच टापूत म्हणजे एकाच गल्लीत चार शास्त्रीय गवई राहत असल्यासारखं आहे. म्हणून तर २०११ साली कर्नाटक सरकारनं दांडेली परिसरात खास धनेशांसाठी राखीव क्षेत्र जाहीर केलं. महाधनेश उडतो तेव्हा पंखांचा आवाज कोळशाच्या इंजिनासारखा फसफसत येतो. म्हणजे आपण गप्प बसलो तर तो आधी ऐकू येतो, मग दिसतो. शोधाशोधही करावी लागत नाही. पाळायची अट एकच, पण तीच आपल्याला सगळ्यात जड जाते.

या पक्ष्याचा संसार ऐकण्यासारखा आहे. वीण जवळ आली की मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि माती, विष्ठा, फळांचा गर असं लिंपून दार आतून बंद करते. चोच बाहेर येईल एवढी फट तेवढी ठेवते. आत अंडी घालते, अंगावरची मोठी पिसं झडू देते, म्हणजे उडून जायची सोयच संपली. तिथून पुढं तिला आणि पिलाला काय मिळेल ते त्या फटीतून. नर दिवसभर उंबर-वड-पिंपळाची फळं घशात भरून आणतो आणि एकेक करून आत देतो. महाधनेशात हा कारभार तीन-चार महिने चालतो. मुंबईला बायको माहेरी गेल्यावर तीन-चार दिवसांत आपली काय अवस्था होते, ते डोळ्यांसमोर आणून मग या नराची किंमत करावी.

हा मोसम कधी? हिवाळा सरता सरता सुरू होतो आणि उन्हाळाभर चालतो. आणि आपल्या सहली कधी? शाळांना सुटी लागली की. घरट्याजवळ माणसं घुटमळताना दिसली की नर घशात फळं घेऊन लांबच्या झाडावर थांबून राहतो. आपण झाडाखाली उभं राहून फोटो काढतो, ‘अरे, इथं नाहीये काही’ म्हणत आणखी अर्धा तास थांबतो, त्या अर्ध्या तासात आत दोन-तीन जीव उपाशी बसलेले असतात. नर काही कारणानं आलाच नाही तर आतल्यांचं काय होईल, हे सांगायला पक्षीतज्ज्ञ लागत नाही. शिवाय त्यानं खाल्लेल्या फळांच्या बिया जंगलभर पडतात, त्यांतून नवी झाडं उगवतात, त्यांतल्या एखाद्या झाडाला शंभर वर्षांनी ढोली पडते. जंगल अशा रीतीनं आपलं आपण लावलं जातं. त्याला ना निविदा लागते, ना उद्घाटन.

ज्यांना धनेशाच्या दर्शनाची हमीच हवी असेल त्यांना सांगतो, अशी सोय एकदा मुंबईत होऊन गेली आहे. १८९४ साली कारवारच्या एका गृहस्थांनी महाधनेशाचं एक पिलू बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला दिलं. कारवार म्हणजे याच काळी नदीचं मुख. त्याचं नाव पडलं विल्यम. हा विल्यम १९२० सालापर्यंत, म्हणजे चांगली २६ वर्षं, सोसायटीच्या कचेरीत राहिला. फेकलेला टेनिसचा चेंडू तो चोचीत अलगद झेलत असे. पाणी पीत नसे आणि आंघोळही करत नसे, असं नमूद आहे. म्हणजे राफ्टिंगला तो आला नसताच. सोसायटीनं पुढं आपल्या बोधचिन्हावर धनेश घेतला आणि आजही मुंबईतल्या त्यांच्या वास्तूचं नाव ‘हॉर्नबिल हाउस’ आहे. त्याचे लाड झाले असतील, शंका नाही. पण हमीचा धनेश असा असतो: न जंगल, न जोडीदार, न ढोली, २६ वर्षांत त्याच्या पोटातून गेलेल्या एकाही बीचं झाड झालं नसेल. आपल्याला काळीच्या काठावर असे विल्यम बसवायचे आहेत का?

यावर माझ्याशी वाद घालणारे भेटतात. पहिले म्हणतात, “अहो, वर्षभर लोकलला लोंबकळणारा माणूस, त्याला एक दिवस ओरडू द्या की!” मी कुठं नको म्हणतो? ओरडावं, खळाळात ओरडावं, बेंबीच्या देठापासून ओरडावं. नदीनं स्वतःच तशी व्यवस्था लावून दिली आहे. खडकाशी ती आपल्यापेक्षा मोठ्यानं ओरडते, तिथं आपली आरोळी तिच्यात मुरून जाते. डोहात ती गप्प असते, तिथं आपणही गप्प असावं. इतका साधा ताल चुकवणाऱ्या माणसाला आपण गाण्याच्या बैठकीत शेजारी बसू देत नाही.

दुसरे म्हणतात, “पक्ष्यांना सवय होते हो.” होते ना. कावळ्याला झाली, कबुतराला झाली. म्हणून तर आपल्या खिडकीत धनेश नसून कबुतरं आहेत.

तिसऱ्यांचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ते म्हणतात, “पर्यटनावर तिथल्या माणसांची पोटं चालतात.” खरं आहे. सुपा धरणाच्या पाण्याखाली त्या तालुक्याची गावं गेली. खुद्द सुपा हे तालुक्याचं गाव गेलं, आणि तालुक्याची कचेरी जोयड्याला हलवावी लागली. आपण जाताना जे रामनगर लागलं तिथं धरणानं उठवलेली माणसं वसवली आहेत. ज्या तालुक्याची जमीन पाण्यात गेली तिथल्या पोरांना त्याच पाण्यावर चार पैसे मिळत असतील, तर ‘होड्या बंद करा’ म्हणायला माझी जीभ रेटणार नाही. पण त्या पोराचं पोट आपल्या आरडाओरड्यावर नाही चालत. ते चालतं नदीवर आणि काठच्या जंगलावर. जंगल मुकं झालं तर उरेल काय? वीजघराचं पाणी आणि रबरी होडी. तेवढ्यासाठी इतक्या लांब कोण येणार? ते काम वॉटर पार्कमध्येही होतं, आणि तिथं भेळही मिळते. आमच्या होडीत सगळ्यात जास्त कुणाला ठाऊक होतं? त्या पोराला. त्याला हनुवटीनं खूण करता येत होती. आपण त्याला गप्प करून त्याच्याकडून फक्त ‘फॉरवर्ड, बॅक’ वदवून घेतलं. हा रोजगार झाला, पण त्याच्या खऱ्या विद्येची त्यात एक पैही दिली गेली नाही.

चौथे काही बोलत नाहीत, नुसती पावती दाखवतात. पावतीवर ‘वाघ’ लिहिलेलं असतं, तेव्हा त्यांचंही बरोबर! म्हणून माझी पहिली मागणी पत्रकवाल्यांकडे: पाण्याची वेळ छापा, जेवणाची छापा, प्राण्यांची यादी खोडा. ‘जंगलात शांतपणे दोन तास’ एवढंच लिहा. गिऱ्हाईक कमी होईल म्हणता? होऊ दे. जे येईल ते ऐकणारं येईल. दुसरी मागणी: गाणी वाजवणारी डबडी होडीत चढण्याआधी काठावर ठेवून घ्या, चपला ठेवून घेतात तशी. तिसरी: विणीच्या दिवसांत घरट्याच्या झाडाखाली कुणालाही थांबवू नका, मग त्याचा कॅमेरा कितीही लांब नळीचा असो. आणि चौथी, ही आपल्या सगळ्यांसाठी: परत आल्यावर ‘काही दिसलं नाही’ म्हणायचं नाही. गवा दिसला म्हणावं, शेकरू दिसलं म्हणावं, डोहात झाडांची पडछाया दिसली म्हणावं. तेही दिसलं नसेल तर डोळे तपासून घ्यावेत. शेजारी सेल असेल तर तोही उरकून घ्यावा.

राहता राहिला ‘मोरया’चा प्रश्न. श्रद्धेचा विषय आहे, त्यात मी कोण पडणार? पण गणेशगुडी म्हणजे गणेशाचं देऊळ. कानडीत गुडी म्हणजे देऊळच. बाप्पा तिथं मुक्कामाला आहेत. त्यांचे कान सुपाएवढे आहेत, डोहात मनातल्या मनात ‘मोरया’ म्हटलं तरी त्यांना ऐकू जातं. तेवढा वेळ वरच्या उंबरावरच्या त्या नराला फळं भरून घेऊ द्या. घरी वाट बघणारं माणूस आहे त्याचं.